अबोल्याचं टपाल

घरात तिचं नाव टपाल पडलं होतं, आणि ते बाबांनीच पाडलं होतं. आईशी काही बिनसलं की बाबा तिच्याशी बोलणं टाकत. आरडाओरडा नाही, हात उगारणं तर दूरच. चहा गार लागला, इस्त्रीची घडी चुकली, माहेरचं कुणी जरा जास्त वेळ बसलं, एवढं निमित्त पुरे. मग आई समोर उभी राहून वाढत असतानाच ते लेकीकडे बघून म्हणत, "टपाल, तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे." लेक मान वळवून सांगे, "आई, मीठ कमी आहे." आई मीठ आणून लेकीच्या हातात देई. असं कधी आठवडाभर चाले, कधी ऋतू बदलेपर्यंत.

बाबा शाळेत मुख्याध्यापक. तिथे एकदा बोलायला उभे राहिले की मुलांचे पाय दुखून येत. शिक्षकांच्या खोलीत ते मिश्कीलपणे सांगत, "आमच्या घरी खासगी टपालखातं आहे बरं का!" आणि सगळे पोट धरून हसत. मुख्याध्यापकांच्या विनोदाला न हसायची छाती कुणाची?

टपाललाही तेव्हा या कामाचा अभिमान होता. बाबांचा राग आपल्यावर नाही, ते आपल्याशी बोलतात, याचं तिला फार सुख वाटे. आईकडे बघायला तिला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

मोठेपणी ती वेगळी खोली घेऊन राहू लागली आणि बायकांच्या एका संस्थेत संशोधनाचं काम करू लागली. संस्था म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, कधीच नीट न लागणारी एक खिडकी आणि वकीलबाई. वकिली सोडून संस्था काढलेल्या या बाईंचा एकच नियम होता: दुसरीला काही विचारायचं, तर त्याच प्रश्नाचं आपलं उत्तर आधी तिच्यासमोर द्यायचं. "आपली मूठ झाकून ठेवायची आणि दुसरीची उघडायला लावायची, याला संशोधन नाही म्हणत. चोंबडेपणा म्हणतात," असं त्या प्रत्येक नवीन मुलीला ऐकवत.

अबोला हा विषय टपालनेच सुचवला. बायका आधी हसल्या. "मारत नाही ना? मग नशीब काढलंस गं बाई!" पण टपालने आपलं मिठाचं सांगितलं की त्यांचं हसू हळूहळू ओसरे. शिवणकाम करणारी एकजण म्हणाली, "मी दिवसभर आमच्या कुत्र्याशी बोलायचे. कारण नवराही त्याच्याशीच बोलायचा."

तेवढ्यात एक सरकारी समिती घरातल्या छळाबद्दलचे नियम नव्याने लिहायला बसली. वकीलबाईंनी त्यात अबोल्याचं कलम घालायला सांगताच अध्यक्ष म्हणाले, "मग आम्हा सगळ्यांनाच आत टाका की!" समितीत हशा पिकला. वकीलबाई हटल्या नाहीत, तेव्हा अध्यक्षांनी अट घातली: ज्या बाईवर बेतलं तिने समोर येऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं, नाहीतर हे कलम वगळू. टपाल सगळ्यांकडे जाऊन आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून सगळ्यांनी हात जोडले.

आणि मग आईच म्हणाली, "मी येते."

टपालचा विश्वास बसेना. आई भाजी निवडत होती, मानही वर केली नव्हती. "मला नीट बोलता येईल की नाही माहीत नाही. सवय गेलीय. पण येते." त्यानंतर टपाल रोज दुपारी, निवृत्त झालेले बाबा वाचनालयात गेले की, घरी जाई. आई ओट्याला टेकून सराव करी. आधी वाक्य पुरं होईना. मग हळूहळू होऊ लागलं. एकदा ती म्हणाली, "मला वाटायचं, मी या घरात दिसतच नाही," आणि स्वतःच दचकून दाराकडे बघू लागली. टपालने तिला कुशीत घेतलं. आईसाठी आपण एवढं तरी करू शकलो, असं तिला त्या दिवशी वाटलं.

सुनावणीच्या आधी संस्थेने एक जाहीर सभा घेतली. टपालने नियमाप्रमाणे आपलंच आधी सांगितलं. काळजी घ्यायची म्हणून बाबांना तिने दुकानदार केलं, गाव बदललं, मिठाचं लोणचं... नाही, मीठ मात्र मीठच ठेवलं. आणि 'टपाल' हे नावही ठेवलं. त्या नावाशिवाय गोष्टीत जीवच राहत नव्हता. शहाण्या माणसाची चूक ही अशी असते. सभेत मागच्या रांगेत बाबांच्या शाळेतली एक निवृत्त शिक्षिका बसली होती. दुसऱ्याच दिवशी तिने वाचनालयात बाबांना गाठलं. "सर, लेक काय छान बोलली हो!"

त्या दुपारी टपाल घरी गेली तेव्हा बाबा घरातच होते. "आज गेला नाहीत, बाबा?" तिने विचारलं. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मऊ आवाजात हाक मारली, "अगं, ऐकतेस का? तिला सांग, जाताना दार लावून घे."

आई ओल्या हातांनीच बाहेर आली. इतक्या काळात तिला कुणी 'अगं' म्हणालं नव्हतं. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या लेकीला ती म्हणाली, "ते म्हणतायत, जाताना दार लावून घे."

सुनावणीला आई आली नाही. समिती थोडा वेळ थांबली, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग वकीलबाईंकडे पाहून हात पसरले. कलम वगळलं गेलं. बाहेर जिन्यात वकीलबाई काही बोलल्या नाहीत. टपालला मात्र त्यांचं गप्प राहणं सोसेना, आणि ती धावतच घरी निघाली.

दार आईने उघडलं. अंगावर ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले. आतून बाबांचा आवाज येत होता. ते पेपरातली कसलीशी बातमी मोठ्याने वाचून दाखवत होते. आईने दार मागे ओढून घेतलं.

"आई, आम्ही वाट पाहिली."

"सकाळी त्यांनी मला विचारलं, झोप लागली का म्हणून," आई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मग मी कशी येऊ, सांग?"

टपालने दाराकडे हात नेला. "मी त्यांच्याशी बोलते. माफी मागते हवं तर. हे आपण मिटवू."

"नको!" आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "माफी अजिबात मागायची नाही."

क्षणभर टपालला वाटलं, ओट्याजवळची आई परत आली. तिने आशेने आईकडे पाहिलं.

"एवढ्यात तरी नको गं," आई कुजबुजली. "तुझ्याशी बोलायला लागले, की माझ्याशी बोलायचं थांबतील."

आतून हाक आली, "अगं, कोण आहे?"

"आले हं!" आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.