दुसऱ्याचा डबा

अमरावतीत जवाहर गेटाजवळ खुशालरावांचं रेडिओ बनवायचं दुकान होतं, तेव्हाची मजाच और! पाच माणसं, एक टेबल आणि जेवायची एकच रीत: आपला डबा आपण खायचा नाही, दुसऱ्याचा ओढायचा. बुधाजीच्या डब्यावर तर झुंबड. त्याच्या बायकोच्या, जाईबाईच्या हातची अंबाडीची भाजी खाऊन शेषराव म्हणायचा, "बाप्पा, काय चव हाये!" छप्पन साली बुधाजी बौद्ध झाला. त्यानं पेढे वाटले, दुकानानं खाल्ले, आणि डब्याची ओढाताण होती तशीच चालू राहिली. आपले रेडिओ खणखणीत वाजतात ते या टेबलामुळेच, असं खुशालरावांना वाटायचं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. एकाचा जोड कच्चा राहिला, तर दुसरा न बोलता पक्का करून द्यायचा.

पुढं खेड्यापाड्यांतून बॅटरीवरच्या रेडिओला मागणी आली आणि खुशालरावांनी अकोल्यात कारखाना टाकला. भोंगा आला, हजेरी आली, गावोगावची माणसं आली. बुधाजी आणि जाईबाईही बिऱ्हाड घेऊन आले. दुकानातले बाकीचे अमरावतीतच राहिले होते. त्यामुळं त्या जुन्या टेबलाचा एवढा एकच माणूस खुशालरावांपाशी उरला होता, आणि तो जाता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं.

नवी माणसं मात्र गाव-नातं बघून कोंडाळी करून जेवायला लागली. बुधाजी एकटा पडला. खुशालराव चिडले. चिडले की त्यांचं डोकं भलतीकडं धावायचं. त्यांनी चक्क फलक लावला: "प्रत्येकाने दुसऱ्याचा डबा खावा." डब्यांना बिल्ले लावले. दाराशी बिल्ले वाटायचे. ज्याच्या हाती जो आकडा येईल, तो डबा त्याचा. आपली रीत आता शंभर माणसांत रुजणार, म्हणून स्वारी खुशीत!

कसली रुजते? परक्याच्याच पोटात जायचं, म्हणून घरोघरच्या बाया कालची भाकर नि मीठ-मिरची बांधून द्यायला लागल्या. बुधाजीचा बिल्ला ज्याला लागे, त्याला नेमका त्या दिवशी उपास असे. अकोल्यात उपासांची अशी साथ कधी आली नव्हती! खुशालराव मुंबईच्या व्यापाऱ्यांत गुंतलेले, त्यांना काही पत्ताच नाही.

एका दुपारी बुधाजी केबिनीत आला. "मालक, आमी अमरावतीले वापस जातो."

"काहून रे? पगार कमी पडते काय?"

"पगाराचं नाही. डबा भरलेला घरी जाते रोज. घरवाली इचारते, 'माह्या हाताची चव गेली काय?' तिले काय सांगू?"

खुशालरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्याच्या हातातून डबा घेतला आणि उभ्याउभ्याच खायला लागले. चव जशीच्या तशी होती. त्यांनी डबा पुसून खाल्ला. मग बाहेर जाऊन फलक काढून टाकला, भेटीला आलेल्या मुंबईच्या व्यापाऱ्याला तसाच बसवून ठेवला आणि बुधाजीबरोबर त्याच्या खोलीवर गेले.

जाईबाई भांडी पोत्यात भरत होती. खुशालरावांनी रिकामा डबा तिच्यापुढं धरला.

"वयनी, चव कुठंच नाही गेली. म्या खाल्ला सारा. जाऊ नोका."

जाईबाईनं डबा उघडून पाहिला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"तुमी त खाल्लाच असता, भाऊ. मले बाकीच्यायचं सांगा."

तिनं डबा विसळला, कोरडा केला आणि पोत्यात ठेवला.