लहरीबाबांची चौथी दांडी

पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकानं आपला मोबाइल आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांवर धरला होता. बोरीपासून चार किलोमीटरवरच्या या गावात श्रावणापासून रेंज नव्हती. घरात नाही, शेतात नाही, माळवदावर चढलं तरी नाही. होती ती फक्त इथं, लहरीबाबांच्या भगव्या झेंड्याखाली.

बाबा फोनला अंगारा लावत आणि डोळे मिटून ओरडत, "लहरी लहरी, ये गा माघारी! एक दांडी ब्रह्माची, दोन विष्णूची, तीन महादेवाची. अन् चौथी?"

"बाबांची!" गर्दी ओरडे, आणि फोनवर खरोखरच चार दांड्या उभ्या राहत.

त्रिवेणी सात महिन्यांच्या अर्पिताला खांद्यावर घेऊन बघत होती. पोर बाबांच्या दाढीकडे बघून खिदळली. त्रिवेणीलाही हसू येत होतं, पण बाबांच्या पुढच्या बोलण्यानं ते जागीच विरलं.

"रेंज कुणी खाल्ली? त्या ब्रॉडबँडच्या वायरीनं! भूमातेच्या पोटात सुया खुपसायलेत. उद्या ग्रामसभेत वायर नको म्हणा. न्हाईतर माझ्या झेंड्याखालची बी रेंज जाईल!"

त्रिवेणीचा नवरा शंभुराज पुण्याच्या एका कंपनीत फोनवरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायचा. घरी ब्रॉडबँडची पक्की लाइन असेल तर खुशाल गावातून काम करा, असं कंपनीनं सांगितलं होतं. लाइन बोरीहून गावच्या फाट्यापर्यंत आली होती. ग्रामसभेचा होकार तेवढा राहिला होता. पोर पहिल्यांदा रांगली ते शंभुराजनं फोनवर पाहिलं होतं, तेही अडकत अडकत. ती चालायला लागेल तेव्हा त्यानं अंगणात हात पसरून बसावं, एवढंच त्रिवेणीचं मागणं होतं.

घरी सासूबाईंचं, मल्लम्मांचं, वेगळंच म्हणणं होतं. "बाबाचं सोड. आपल्या घरी रेंज येती ती पोरीच्या पायगुणानं. ती दुपारची झोपंतून उठली की शंभूचा फोन लागतो. लिंगाची आण घेऊन सांगते!" आणि त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे जाई.

तसं घडत होतं खरं. शंभुराज दुपारी पुन्हापुन्हा फोन लावत राही, आणि पोर रडत उठली की तो वाजे. त्रिवेणीला मनातून जरा गर्वच वाटे. कुठल्या आईला वाटणार नाही?

त्या दुपारी पाळण्यावरचा पंखा थांबला. अर्पितानं भोकाड पसरलं. लगोलग फोन वाजला. पोरीला उचलता उचलता त्रिवेणी थबकली. तिनं वर बघितलं. पंख्याची पाती शेवटची गिरकी घेत होती.

लाईट गेली म्हणून पोर उठली. मग फोनही लाईट गेली म्हणूनच लागला असेल तर?

"अहो," ती शंभुराजला म्हणाली, "लाईट गेल्यावर रेंज येती, असं कधी असतंय का?"

"उलटं काय बोलायलीस? आं... थांब. गावात कुणी बूस्टर लावलाय का? रेंज वाढवायचा डबा असतो. बिगरपरवाना लावणं गुन्हा हाय. असला सस्ता डबा सारखा स्वतःच कोकलत बसतो, मग टावरला बाकीच्यांचं ऐकूच येत न्हाई. डब्याजवळ चार दांड्या अन् सारं गाव मुकं!"

त्रिवेणीला एकदम आठवलं. लाईट गेली की बाबांना मौन लागायचं. बाबा समाधीत जाताना लाईट बी खेचून नेतात, असं लोक कौतुकानं सांगायचे. बाबा गावात आले नागपंचमीला. आणि रेंज गेली कधी? नागपंचमीलाच!

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि तडक सरपंच धुरपताबाईंचं घर गाठलं. धुरपताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "खोटं निघालं तर गाव हसंल, पोरी."

"हसू द्या, मावशी. पण बघितल्याबिगर वायरीला न्हाई म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा पारावरच भरली. धुरपताबाईंनी गल्लीगल्लीत एकेकजण मोबाइल घेऊन आपापल्या दारात उभा केला होता. बाबांनी सूर लावला, "एक दांडी ब्रह्माची..." धुरपताबाईंनी पदर झटकला. त्या खुणेवर वायरमन दत्तानं डीपीवरून गावची लाईट बंद केली.

बाबांचे डोळे मिटले. "मौन... मौन..."

"मौन मागून, बाबा," धुरपताबाई म्हणाल्या. "आधी गाव काय बोलायलंय ते ऐका."

दूरच्या गल्लीतून हाक आली, "लागला! फोन लागला!" मग दुसरीकडून, तिसरीकडून. दत्तानं लाईट सोडली. "गेला!" पुन्हा बंद. "लागला!" असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पारावरचे लोक बाबांआधीच ओरडले, "मौन!" आणि हसत सुटले.

मल्लम्मा धापा टाकत आल्या. अर्पिता त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. "अगं त्रिवेणी, शंभूचा फोन तीनदा लागला," त्या कुजबुजल्या, "अन् ही एकदा बी उठली न्हाई!"

त्रिवेणीनं बाबांच्या गादीखालचं जाजम उचललं. खाली पाटाएवढा डबा. लाईट येताच तो हिरवे डोळे मिचकावू लागला. एक वायर खांबावर टाकलेल्या आकड्याकडे गेली होती, दुसरी झेंड्याच्या काठीतून वर. दत्तानं झेंडा उतरवला. भगव्या कापडाआड माशाच्या काट्यासारखी अँटेना होती.

"ही बघा बाबांची चौथी दांडी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"बेटा, ही दैवी शक्ती..."

"दैवी हाय तर लाईट चोरायला आकडा कशाला टाकला?" धुरपताबाईंनी विचारलं. बाबांना आता खरंखुरं मौन लागलं.

डबा बंद करून धुरपताबाईंनी पारावरूनच पोलिसांना आणि दूरसंचार खात्याला फोन केला. दोनच दांड्या होत्या, पण आवाज खणखणीत. मग वायरीसाठी हात वर झाले. मल्लम्मांनी तर दोन्ही केले.

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की आपण त्यांची लगेच गाठ मारतो, मग ती गाठ बाबाच्या झेंड्याची असो की लाडक्या लेकराच्या पायगुणाची. ती मारण्याआधी त्रिवेणीसारखं एकदा वर पंख्याकडे बघावं. तेवढ्याला ना अंगारा लागतो, ना नारळ.

माघात अर्पितानं अंगणात पहिली चार पावलं टाकली. समोर शंभुराज हात पसरून बसला होता.

"काय ग बाई पायगुण!" मल्लम्मा बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"नुसते पाय म्हणा, आत्याबाई," त्रिवेणी हसली. "तेवढे बी लय गोड हायत."