हेमाने अडवलेला वार

हेमा रंगमंचावर यायच्या आधी तिची पावले यायची. शाळेच्या सभागृहातल्या सागवानी फळ्यांवर तिची टाच आदळली की विंगेत उभ्या असलेल्या आम्ही मुली एक पाऊल मागे सरत असू, आणि उंच खिडक्यांतून उतरणाऱ्या जानेवारीच्या कलत्या उन्हात धुळीचा लोट तिच्या गुडघ्यांपर्यंत चढायचा. एरवी ही मुलगी वर्गात मान खाली घालून बसे. पण ओठावर डिंकाने मिशी चिकटली की तिच्या अंगात कुठलेसे प्राचीन, क्षुधित क्रौर्य जागे होई. आमची बडोद्यातली मराठी शाळा मुलींची. पुरुषही आम्हीच आणि खलपुरुषही आम्हीच.

दहावीच्या नाटकात ती फितूर सेनापती होती आणि मी राणी. शेवटच्या अंकात तिने माझ्यावर वार करायचे, मी ते ढालीवर झेलायचे. पण हेमाला खोटे मारता येतच नसे. तालमीत तिच्या लाकडी तलवारीने माझा खांदा काळानिळा झाला, ढाली फुटल्या, आणि नाटक बसवणाऱ्या आमच्या बाई, ज्यांना बडोद्याच्या रीतीने आम्ही बेन म्हणत असू, कपाळाला हात लावून ओरडत, "अगं हेमा, जरा धीमे धीमे! ही मेली तर राणी कुठून आणू मी?" मला मात्र, खरे सांगते, त्या मारासारखे सुख पुढे फार थोड्या गोष्टींनी दिले. कुणीतरी आपल्यावर सर्वस्वानिशी तुटून पडावे, हा सन्मान मला फक्त तिने दिला.

तिचे घर शहराच्या कडेला, हरणीला. पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते. वडील कारखान्यात नोकरीला, पण पीळ फौजेचाच. घरोघरी नुकतीच केबल आलेली, नाटके बघतो कोण, असा तो काळ. आणि हिला तर पुढे विद्यापीठात नाट्यशास्त्रच शिकायचे होते. लेकीचे नाटक वडिलांनी कधी पाहिले नव्हते. या वेळी मात्र म्हणाले, "येतो. बघतो. मग ठरवू." तिचे सगळे आयुष्य त्या एका 'मग'वर टांगलेले होते.

म्हणूनच प्रयोगाच्या संध्याकाळी तिने घरातून लपवून घरची तलवार आणली. खंडेनवमीला ती पूजेत मांडली जाई. लेकीसुनांनी दारातूनच नमस्कार करायचा, तिला शिवायचे नाही. हेमाने ती जन्मभर म्यानात, हळदकुंकवाच्या पुटाखालीच पाहिलेली. वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेल्या लोखंडाला कसली आली धार, असे तिला वाटले. दर नवमीला दार लोटून घेऊन वडील त्या पात्याला धार लावत, हे घरातल्या एकाही बाईला माहीत नव्हते.

"पप्पा लगेच ओळखतील, बघच, जोजे तू," विंगेत ती मला म्हणाली. डोळे नुसते पेटलेले.

ती धावून आली आणि पहिल्याच घावात माझी प्लायवूडची ढाल दुभंगली. दुसरा वार सुटलाही होता, तेव्हा ढालीवरचा सुरीने कापावा तसा सरळ काप तिने पाहिला आणि हातात काय आहे ते तिला कळले. सगळ्या ताकदीने सुटलेला हात मागे घेता येत नाही. तिने डावा हात मध्ये घातला आणि माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर आपलेच पाते आपल्या मुठीत धरले. रक्त तिच्या कोपरावरून माझ्या शालूवर ओघळले. टाळ्यांचा कडकडाट झाला, मागून कुणीतरी रक्ताला रंग समजून ओरडले, "अरे वाह, शुं रंग छे!" आणि तिने, ओठ पांढरेफटक पडलेले असताना, उरलेले सगळे भाषण एक अक्षरही न गाळता म्हटले. इतके भयंकर आणि इतके सुंदर मी नंतर काही पाहिले नाही.

पडदा पडताच वडील विंगेत आले. बेन तिच्या हाताला पदर गुंडाळत होत्या. वडिलांनी खाली पडलेली तलवार उचलली, रुमाल काढून आधी पाते पुसले, म्यान केले आणि मग लेकीकडे पाहिले.

"वार चांगला होता," ते म्हणाले.

मला वाटले, जिंकली ही! पुढच्याच क्षणी त्यांनी तिच्या तोंडावर अशी थप्पड मारली की मिशी उडून पडली. "घरच्या शस्त्राला हात लावलास. आता पुरे झाले नाटक."

हाताची जखम भरून आली. दोन बोटे अजून वळत नाहीत. आता ती बडोद्यातच, सुभानपुऱ्यात राहते. मी गेले की आग्रहाने चहा पाजते, आम्ही खूप हसतो, आणि नाटकाचा विषय निघाला की ती गॅस बारीक करायला उठते. मला मारायला धावून आलेली आणि मला वाचवणारी ती हेमा त्या संध्याकाळनंतर कुणालाच दिसली नाही. माणूस गेले तर काळ निदान थोड्या दिवसांचे सुतक तरी देतो. जिवंत माणसातले कुणी गेले तर ते सुतक आठवणीने एकटीनेच, आणि कायमचे, पाळायचे असते.