सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

मित्रांनो, या देशाची सारी अर्थव्यवस्था माझ्यावर उभी होती. निदान सकाळी दहा ते दोन, बँकेच्या एका खिडकीपुरती तरी. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. अंगावर सत्तेचाळीस हा आकडा आणि डोक्याला एक भोक.

माझे काम सोपे होते. खातेदाराने पैसे काढायची चिठ्ठी दिली, की कारकून आधी पासबुकात रक्कम वजा करी आणि मग मला त्याच्या हातात देई. रोखपालाने आकडा पुकारला, की मला द्यायचे आणि पैसे घ्यायचे. तीस वर्षे मी घामट मुठींत काढली. तपासणीला साहेब यायचे असले, की शिपाई मला घासून लख्ख करी.

मग सरकारच्या अंदाजपत्रकाला भोक पडले. माझ्या भोकाचा निदान खिळ्याला टांगायला उपयोग होतो. अंदाजपत्रकाचे भोक बुजवायला सरकारने बँकांकडून उसने घेतले आणि परत करायची वेळ आली, तेव्हा बँकांचा कारभार ढिसाळ असल्याचे सरकारच्या ध्यानात आले.

त्या मंगळवारी मी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या मुठीत होतो. मोतीबिंदूमुळे त्यांना सुईत दोरा ओवता येईना. गुरुवारी ऑपरेशन ठरले होते, म्हणून होते नव्हते ते सगळे काढायला त्या आल्या होत्या. रोखपालाने "सेहेचाळीस!" अशी हाक दिली आणि तेवढ्यात बँक बंद करा, असा वरून फोन आला. शिपायाने शटर ओढले. भिंतीवरच्या टीव्हीत अर्थमंत्री सांगत होते, की बँका भक्कम आहेत.

सहा महिन्यांनी बंद बँकांच्या खातेदारांना द्यायच्या भरपाईची यादी लागली. मावशींचे नाव नव्हते. मला घेऊन त्या बँकेत चौकशीला गेल्या.

"मावशी, तुमचे पैसे तुम्हाला दिलेत की," कारकून म्हणाला.

"कधी रे बाबा?"

"हे काय, पासबुकात वजा आहेत. शिल्लक शून्य. आता शून्याची भरपाई कशी द्यायची?"

"अरे, पैसे दिले असते तर हा बिल्ला तुमच्याकडे नसता का?"

कारकुनाने मला उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे बँकेची वस्तू तुम्ही घरी ठेवलीत."

पुढच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्र्यांनी अभिमानाने सांगितले, की बँका बंद झाल्या त्या दिवशीसुद्धा सरकारने बारा हजार लोकांचे पैसे चुकते केले. त्या बारा हजारांत मावशी होत्या. बाके वाजली. मग त्यांनी जनतेला कंबर कसायला सांगितले. त्यांचा स्वतःचा पट्टा दिसत नव्हता. तो पोटाखाली होता.

महिनाभरात नोटीस आली. शेजारणीने ती मावशींना वाचून दाखवली: बिल्ला जमा करा, अन्यथा दंड. मावशींनी माझ्या आकड्यावरून अंगठा फिरवला आणि मला बँकेच्या खिडकीत ठेवले.

"पावती?"

"बिल्ल्याची पावती नसते, मावशी."

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, असे आम्ही वस्तू नेहमी सांगतो. या सरकारला ते सांगावे लागत नाही. आमच्या शाखेचे पन्नासच्या पन्नास बिल्ले आज खिळ्यांवर आहेत.

शेजारीण कामावर जाण्याआधी मावशींना दहा सुया ओवून देते. दहाव्या सुईतला दोरा संपला, की मावशींचा दिवस संपतो.