सासऱ्यांचे खुंट

माझे सासरे रामनाथ गेले, तरी चिंचणीसमोरच्या दर्यात त्यांचे खुंट उभेच होते. डोल म्हणजे एकाच जागी उभं ठेवायचं जाळं; ते बांधायला तळात ठोकलेली ताडाची लांब खोडं ती. एखाद्याचा खुंट त्याच्या घराला विचारल्याशिवाय उपटायचा नाही, ही आमच्या गावची रीत. आणि विचारायचं कोणाला, तर माझ्या सासूला. म्हणजे संपलंच.

माझा नवरा जितेश ट्रॉलर चालवतो. जड जाळं तळावरून खरवडत न्यायचं, तर मध्ये खुंट नकोत. म्हणून तो सारखा आईच्या मागे लागलेला. सासूबाई "नाय" म्हणायच्या आणि मासे कापायला बसायच्या. गेलेल्या माणसाची खोडं पाण्यात कुजत ठेवून काय मिळतं, असं मलाही वाटायचं. तोंडावर बोलायची मात्र बिशाद नव्हती.

यंदा थंडीत जाळं त्या खुंटांना अडकून फाटलंच. जितेश शिव्या देत आला. आता विचारत बसणार नाही, उपटूनच टाकतो, म्हणाला. मी बंदरावर त्या फाटक्या जाळ्यातली मासळी निवडायला बसले. एरवी आमच्या ढिगात चिखल, फुटक्या शिंपल्या आणि बोटाएवढी पिल्लं. त्या दिवशी माझा हातच थांबला. पिसासारखे मऊ जीव, नळीत राहणारे किडे, तारामासे, आणि पोटाखाली अंडी धरलेली एक जिवंत, लांब मिशांची शेवंड. मला एकदम रडू आलं.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. म्हटलं, बाकी सगळीकडे तुम्ही रोज शेत नांगरल्यासारखं जाळं ओढता, तळाला उसंत कुठे मिळते? खुंटांच्या धाकाने तेवढ्या तुकड्यात कोणी जाळं ओढत नाही, म्हणून हे जगलंय. तो होडी काढून शेवंड तेवढी तिथेच सोडून आला. पदरात पडलेला मासा कधी परत न देणारा माणूस!

चार दिवसांनी तो आईसमोर येऊन बसला. सासूबाईंचं "नाय" तयारच होतं.

"आये, बाबांच्या बाजूला माजे दोन खुंट ठोकू?"

"ट्रॉलरवाल्याला डोल कशाला?"

"जाळं नाय बांधनार. नुसते खुंट. तिथं कोनी खरवडायला नको. आमीपन नाय."

जाळ्याशिवाय खुंट सासूबाईंनी जन्मात ऐकला नव्हता. विळीवर धरलेला बोंबील तसाच राहिला.

"मंग लांब लांब ठोक," त्या म्हणाल्या. "जागा मोठी धरली पायजे."

सासरे गेल्यापासून त्या आमच्यासमोर पहिल्यांदाच रडल्या. हातातला बोंबील मात्र सोडला नाही.