शेपटाकडचे सहा दिवस

काटेसाहेबांनी गुरुवारचं पाकीट पलंगावर उपडं केलं. आतून तीन नाणी आणि बसचं एक वापरलेलं तिकीट पडलं.

"अगं, गुरुवार कुठे गेला?"

"काल खाल्ला," आरशासमोर नवी टोपी कलती करत बाई म्हणाल्या. "बुधवार पुरला नाही ना."

एकतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासल्यामुळे गल्लीत त्यांना काटेसाहेब म्हणत आणि शिवणवर्ग चालवल्यामुळे त्यांच्या पत्नीला बाई. साहेब निवृत्त झाले तेव्हा दोघांनी साठवलेल्या पैशांत चार महिन्यांत सहा देश बघायचं ठरवलं. हिशोब साहेबांचा. प्रत्येक देशात पाऊल ठेवलं की पैसे बदलून घ्यायचे, मुक्कामाचे जितके दिवस तितकी पाकिटं भरायची आणि रोज सकाळी त्या दिवसाचं पाकीट उघडायचं. खर्च जास्त झाला, तर तेवढे दिवस प्रवासाच्या शेपटाकडून कापायचे. शेपटाकडे सहा दिवस होते, आणि ते ताईच्या गावासाठी राखलेले होते.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, त्या सहाव्या देशात राहणारी. सव्वीस वर्षांत दोघींची भेट नव्हती.

त्यामुळे पहिले साडेतीन महिने बाई साहेबांपेक्षा कडक निघाल्या होत्या. दुसऱ्या देशात साहेबांना आइस्क्रीम खावंसं वाटलं, तर "शनिवारच्या पाकिटात बसलं तर बघू," म्हणाल्या, आणि शनिवारी एक घेऊन दोन चमचे मागितले. तिसऱ्या देशात अकरा दिवस पाव आणि उकडलेली अंडी. बाराव्या दिवशी साहेब म्हणाले, "आता एखाद्या सकाळी मीच अंडं देईन." "द्या," बाई म्हणाल्या, "तेवढीच बचत."

आणि या पाचव्या देशात येऊन आठवडा होतो न होतो तोच त्यांना काय झालं कोण जाणे. आधी टोपी. मग दोन चौक ओलांडायला टॅक्सी. मग तळ्यात होडी, तीही एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. काल तर त्यांनी चिनी मातीचा एक बसका कुत्रा आणला होता. साहेबांनी खिशातला ताणकाटा काढून त्याला लगेच टांगलं. तीन किलो आठशे.

"हा न्यायचा कुठे?"

"बघू."

आता साहेबांनी वही उघडली. "शेपटाकडचे चार दिवस गेले. असंच चाललं तर परवापर्यंत उरलेले दोनही जातील. मग ताईंकडे जायला नको."

"नको तर नको," बाई म्हणाल्या. उत्तर जरा जास्तच लवकर आलं. टोपीची फीत सोडून त्यांनी ती पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली.

"त्यांनी पत्र पाठवलंय."

"पत्र कसलं? कार्ड. 'आलात तर भेटा.' आलात म्हणे. मला आलीस म्हणायला काय झालं होतं?"

ते कार्ड बाईंच्या पर्समध्ये होतं आणि सारखं काढून बघितल्यामुळे कोपऱ्यांत मऊ पडलं होतं. हे साहेबांना माहीत होतं. बाकीचंही माहीत होतं. आई गेल्यावर महिन्याच्या आत बाईंनी तिचं शिवणयंत्र कुणाला न विचारता हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. हातगाडीला मागून हात साहेबांनीच लावला होता. त्याच यंत्रावर पुढे शिवणवर्ग उभा राहिला. आठ दिवसांनी ताई आईच्या घरी आली, तेव्हा खिडकीखाली फरशीवर यंत्राच्या चार पायांचे चार फिकट ठसे तेवढे होते. ताईने खाली बसून त्यांवरून हात फिरवला, आणि काही न बोलता गेली. बोलली असती, भांडली असती, तर बाईंनाही दोन शब्द सुनावता आले असते. लहानपणी याच यंत्राच्या सुईत दोरा ओवायला ताईनेच तर त्यांना शिकवलं होतं.

साहेबांनी वही मिटली, उरलेली सगळी पाकिटं खिशात घातली आणि "पाव आणतो" म्हणून ते बाहेर पडले.

बसस्थानकाच्या खिडकीतली मुलगी फार कामसू होती. तिने सीमेपलीकडच्या गावाची जाण्यायेण्याची दोन दोन तिकिटं दिली आणि म्हातारा परदेशी दिसतोय म्हणून तळाची एक ओळ दोनदा समजावून सांगितली. बस सुटण्याच्या तासभर आधीपर्यंत तिकिटं परत केली तर सगळे पैसे परत. तरी तिचं समाधान झालं नाही. तिने त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली.

साहेब परत आले तेव्हा बाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"पाव?"

"राहिला. उद्या सकाळी साडेनऊची बस आहे. तिकिटं काढली."

"कुठली?"

"ताईंच्या गावची. दोन दिवस उरलेत. दोन पुरे."

"मला न विचारता?"

"हो."

बाई उठून उभ्या राहिल्या. "परत करून या. आत्ताच्या आत्ता."

साहेब बुटाची नाडी सोडायला वाकले. "परत घेत नाहीत," ते बुटाकडे बघत म्हणाले. "सगळे पैसे बुडतात."

नोकरीत पाच ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे न होऊ दिलेला माणूस. त्यांचे कान मागून लाल झालेले बाईंना दिसले.

"किती?"

"चार पाकिटं होतील."

"बघू."

त्यांनी तिकिटं घेतली, चष्मा लावला आणि वरपासून वाचत खाली आल्या. पेनाच्या रेघेपाशी त्यांचं बोट थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी कचऱ्याचा डबा फरफटत नेत होतं. तो आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत बोट तिथेच होतं. साहेब तोवर एकाच नाडीत अडकले होते.

"बुडतात, हो," बाई म्हणाल्या. "इथे लिहिलंच आहे."

"मग?"

"मग काय. चार पाकिटं पाण्यात घालायची का?"

त्यांनी तिकिटं घडी करून पर्समध्ये ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून केस विंचरायला घेतले. बस उद्या सकाळची होती, आणि अजून आज दुपारचा एकही वाजला नव्हता.