पाणी हललं की फुटाणा

नवऱ्याला मीही सरच म्हणते. आमच्या सरांनी लातुरात पंचवीस वर्षं फिजिक्सचा क्लास चालवला. म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांना टाइमटेबल लावून दिलं. घरातली पोरं बरी सुटली होती, पण रिटायर झाल्यावर नातू तावडीत सापडला.

मिहिर आठ महिन्यांचा असताना आमची अपूर्वा नोकरीसाठी शिकागोला गेली. सहा महिन्यांत नेते म्हणाली आणि व्हिसाच्या कटकटीत तीन वर्षं निघून गेली. पोरगं माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. त्याच्या लेखी आई म्हणजे रोज सकाळी मोबाईलमध्ये दिसणारी तळहाताएवढी बाई. आता आम्ही दोघं त्याला पोचवायला निघालो होतो आणि दुबईपासून पुढचं विमान पंधरा तासांचं होतं.

"आई, त्याला रडवत आणू नका गं," अपूर्वा फोनवर रडकुंडीला आली होती. "चिडून उतरला तर माझ्याकडं येणारच न्हाई तो."

"चिडतो कशाला? पद्धतशीर तयारी करून घेऊ," सर म्हणाले.

हॉलमध्ये जेवणाच्या तीन खुर्च्या लागल्या. सरांच्या कमरेचा पट्टा मिहिरच्या पोटावर आवळला गेला. सलग तीन रविवार सराव परीक्षा झाली. रंगकाम एक तास, ठोकळे एक तास, गोष्ट, मग झोप, शेवटी अर्धा तास शंकासमाधान. हे सगळं चार रंगांत लिहून त्याचं लॅमिनेशन केलं.

"चार वर्षांच्या पोराला कसल्या शंका?" मी विचारलं.

"शंका नाही म्हणजे विषय कळला नाही."

सरावात पोरगं गपगुमान बसायचं, कारण मी मागून लाडू पुरवत होते. हे सरांना अजून माहीत नाही.

विमानात मिहिरने चित्र रंगवलं, ठोकळे रचले, पाडले, गोष्ट ऐकली, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"आबा, पोर्शन संपला. चला, उतरू."

सरांनी घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं झाली होती.

"मग रिव्हिजन कर."

"न्हाई करत!"

तिथून जो सूर लागला तो काही केल्या उतरेना. पुढच्या सीटला लाथा बसायला लागल्या. पुढच्या गृहस्थाने दोनदा वळून बघितलं. सरांनी लॅमिनेशन दाखवून समजूत घातली, तर मिहिरने त्याचा कोपरा चावला. शेवटी टाइमटेबलात झोप होती म्हणून सर स्वतःच झोपले. मला असा राग आला, की दुसरी जागा मोकळी असती तर उठून तिकडे जाऊन बसले असते.

तेवढ्यात विमान हादरलं. मिहिर किंचाळून मला बिलगला. मला त्र्याण्णवचा भूकंप आठवला. आमच्या भिंतीला चीर गेली होती आणि दीड महिना आम्ही मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये काढला होता. बारके धक्के चालूच असायचे. पाच वर्षांची अपूर्वा डोळ्याला डोळा लावायची नाही. मग मी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं की आधी ओरडेल त्याला एक फुटाणा. आठवड्याभरात पोरगी धक्क्याची वाट बघायला लागली.

मी हवाईसुंदरीकडून अर्धा पेला पाणी मागितलं आणि पर्समधून फुटाण्यांची पुडी काढली.

"हललं!" मिहिर ओरडला. "आजी, हललं की!"

पलीकडच्या रांगेतल्या दोन गोऱ्या पोरीही आपापले पेले घेऊन बसल्या. भाषेची अडचण कुणालाच आली नाही. सर जागे होऊन लहरींविषयी सांगायला लागले, पण ऐकतो कोण? विमान शांत झालं की मिहिर रुसायचा. "पायलटला सांग ना, जरा हलव म्हणावं." मग तसाच मुठीत फुटाणा धरून झोपला.

शिकागोला बाहेर अपूर्वा उभी होती. मिहिरला तहान लागली असेल म्हणून हातात कागदी पेला भरून आणला होता. मिहिरने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्या पदराआड गेला.

"ही आई न्हाई," तो म्हणाला आणि तळहात पुढे केला. "आई एवढी असते."

अपूर्वाचा चेहरा उतरला. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. पेला धरलेला हात नुसता थरथरत होता. मिहिर मान वाकडी करून पेल्याकडे बघत होता.

"हललं!" तो पदराआडून बाहेर आला. "पाणी हललं! मी आधी बघितलं!"

अपूर्वाने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिला शेड आठवली असणार. डोळे तिने दुसऱ्या हाताने पुसले, पण पेला काही खाली ठेवला नाही.

मिहिरने सवयीने माझ्यापुढे हात पसरला. मी पुडी काढली आणि अपूर्वाच्या हातात दिली.

"आता तिच्याकडून घे बाळा."

तो दोन पावलं पुढे गेला, फुटाणा तोंडात टाकला आणि तिच्या गुडघ्याला टेकून पुढच्या धक्क्याची वाट बघत उभा राहिला. तिचा हात थांबेपर्यंत त्याने सात फुटाणे जिंकले.